समान कसोटीच्या शोधात : अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आणि त्याचे प्रतिस्पर्धी

संस्थेचा इतिहास म्हटला की स्थापनेचे वर्ष, इमारतींची उभारणी, प्राचार्यांची नामावली, वाढत गेलेल्या शाखा आणि नावारूपाला आलेले माजी विद्यार्थी एवढा ऐवज समोर येतो. तो हवाच. पण त्यातून एका प्रश्नाचे उत्तर मिळत नाही : ही संस्था चांगली, असे आपण म्हणतो ते कोणाच्या तुलनेत आणि कशाच्या आधारावर? अमरावतीच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाची साठ वर्षे या अंगाने तपासली तर दिसते की त्याचा दर्जा त्याच्या आवारात एकट्याने कधीच ठरला नाही. तो आधी नागपूरशी आणि मग बडनेरा, अकोला, शेगाव व पुसदशी झालेल्या चुरशीतून ठरत गेला. ही चुरस समान कसोटीवर झाली तेव्हा तिने सगळ्यांच्याच पदरात काही टाकले; कसोटी नाहीशी झाली तेव्हा ज्याचा त्याचा बडेजाव तेवढा उरला. विद्यार्थी ज्याला ‘ब्रिज मेकिंग’ म्हणतात ती पूलबांधणीची स्पर्धा ही आज उरलेल्या समान कसोट्यांपैकी सर्वांत प्रामाणिक कसोटी आहे, आणि संस्थेच्या इतिहासात तिला छायाचित्राखालच्या ओळीपेक्षा मोठी जागा मिळायला हवी, असे या लेखाचे म्हणणे आहे.

१९६४ पूर्वीचा वऱ्हाड

वऱ्हाडात यंत्रयुग आले ते कापसाच्या पाठोपाठ. मुंबईहून निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे अकोला, बडनेरा ओलांडून १८६७ मध्ये नागपूरला पोचली. पुढे मूर्तिजापूरहून एकीकडे अचलपूर आणि दुसरीकडे यवतमाळ अशी अरुंद रुळांची ‘शकुंतला’ धावू लागली. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. नदीनाल्यांवर पूल आणि मोऱ्या बांधल्या गेल्या. कापूस इथला, मजूर इथले, पण आराखडे काढणारा माणूस बहुधा बाहेरचा. वऱ्हाडातल्या मुलाला अभियंता व्हायचे तर पुणे गाठावे लागे, जिथे १८५४ पासून शिक्षणाची सोय होती, किंवा मुंबई. मध्य प्रांत व वऱ्हाडच्या काळात, १९४७ मध्ये, जबलपूरला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. पण १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत जबलपूर मध्य प्रदेशात राहिले आणि वऱ्हाड द्विभाषिक मुंबई राज्यात आला. ती वाटही परराज्यातली झाली. नागपूरला १९६० मध्ये विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले तेव्हा विदर्भाला घराजवळ मोठे केंद्र मिळाले. तरीही अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळच्या मुलांसाठी ते दुसऱ्या शहरातलेच होते. वऱ्हाडात पदविकेपुढचे अभियांत्रिकी शिक्षण तोवर नव्हते.

ही उणीव १९६४ मध्ये भरून निघाली. पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक त्याच्या आदल्याच वर्षाच्या अखेरीस मुख्यमंत्री झाले होते. विदर्भाच्या वाट्याला काय आले आणि काय यायचे राहिले, याचा हिशेब १९५३ च्या नागपूर करारापासून मांडला जात होता. अशा वेळी अमरावतीला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय मिळाले, आणि स्थापत्य, यंत्र व विद्युत या तीन मूळ शाखांनी त्याचा आरंभ झाला. ज्या भागात रस्ते, धरणे, वीज आणि गिरण्या अशी सगळीच कामे पुढ्यात होती तिथे या तीन शाखांची निवड साहजिक होती. महाविद्यालय नागपूर विद्यापीठाशी संलग्न होते, आणि नागपूरचे विश्वेश्वरय्या महाविद्यालयही त्याच विद्यापीठाचे. याचा अर्थ असा की अमरावतीचा विद्यार्थी पहिल्या दिवसापासून नागपूरच्या विद्यार्थ्याने सोडवलेलीच प्रश्नपत्रिका सोडवत होता. वय, साधने, प्राध्यापकवर्ग यांत नागपूरचे पारडे जड. पण पेपर एकच. नव्या संस्थेच्या दृष्टीने ही फार मोलाची गोष्ट होती. आपण कुठे आहोत हे तिला दर उन्हाळ्यात निकालाच्या कागदावर वाचता येत होते.

एकटेपण संपले ते वर्ष

१९८३ हे वऱ्हाडच्या शिक्षणातले कलाटणीचे वर्ष. त्या वर्षी १ मे रोजी अमरावती विद्यापीठ, म्हणजे आजचे संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ, स्थापन झाले. त्याच वर्षी वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना राज्याने विनाअनुदान तत्त्वावर खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. पाहता पाहता बडनेऱ्याला विदर्भ युथ वेल्फेअर सोसायटीचे महाविद्यालय निघाले, जे पुढे प्रा. राम मेघे यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. शेगावला संत गजानन महाराजांच्या नावाने, पुसदला बाबासाहेब नाईकांच्या नावाने आणि अकोल्याजवळ बाभुळगावला, डॉ. पंजाबराव देशमुखांनी घडवलेल्या श्री शिवाजी शिक्षण संस्थेच्या छत्राखाली, महाविद्यालये सुरू झाली. एकोणीस वर्षे या मुलखात जे महाविद्यालय एकटे होते, त्याला एकाच वर्षात चार शेजारी मिळाले. अकोल्याला १९६९ पासून कृषी विद्यापीठ होतेच. त्यामुळे शेतीच्या अभियांत्रिकीचे केंद्र अकोला आणि इतर अभियांत्रिकीचे अमरावती अशी जी ढोबळ वाटणी होती, तीही मोडली.

या घटनेकडे पाहण्याची एक रूढ दृष्टी आहे. विनाअनुदान धोरणाने शिक्षणाचा बाजार झाला आणि शासकीय महाविद्यालयाची शान तेवढी शाबूत राहिली, असे ती सांगते. या टीकेत तथ्य आहे. शुल्काचा बोजा पालकांवर पडला, आणि पुढे राज्यभर महाविद्यालयांची संख्या इतकी वाढली की जागा रिकाम्या राहू लागल्या. पण ही टीका शासकीय महाविद्यालयाच्या इतिहासात जशीच्या तशी उतरवली तर एक गोष्ट झाकली जाते. शेजारी आल्यामुळे शासकीय महाविद्यालयाला आपला दर्जा सिद्ध करावा लागला. तोवर तो गृहीत धरला जात होता. नागपूरपासून वेगळे झाल्यावर तुलनेला समोर कोणीच नसते, तर नव्या विद्यापीठात ते कायमचे पहिले राहिले असते, आणि एकाच धावपटूच्या शर्यतीतल्या पहिल्या क्रमांकाला अर्थ नसतो. बडनेरा अमरावतीपासून हाकेच्या अंतरावर आणि अकोला सुमारे शंभर किलोमीटरवर. एकाच विद्यापीठाचा अभ्यासक्रम, एकच पेपर, एकमेकांकडे जाणारे परीक्षक. गुणवत्ता यादीत कोणत्या महाविद्यालयाची किती नावे, हा प्रश्न प्राध्यापकांच्या खोलीत आणि वसतिगृहात सारख्याच तळमळीने विचारला जाणे अपरिहार्य होते.

स्वायत्तता आली, कसोटी गेली

२००५ मध्ये महाविद्यालयाला शैक्षणिक स्वायत्तता मिळाली. अभ्यासक्रम स्वतः आखायचा, प्रश्नपत्रिका स्वतः काढायच्या, मूल्यमापन स्वतः करायचे. हा मान मोठा होता आणि त्यातून लवचीकपणाही आला. उद्योगात बदललेले तंत्र वर्गात आणण्यासाठी विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाची वाट पाहण्याची गरज उरली नाही. पण त्याची एक किंमत होती, आणि गौरवग्रंथांत ती सहसा नोंदवली जात नाही. अमरावतीचा विद्यार्थी आणि अकोला-शेगावचा विद्यार्थी आता एकच पेपर सोडवत नव्हते. एकाचे नऊ गुणांक आणि दुसऱ्याचे नऊ गुणांक यांची तुलना करण्याचा आधार गेला. चाळीस वर्षे जी चुरस निकालाच्या कागदावर चालली होती ती अधांतरी राहिली.

यावर कोणी म्हणेल की समान परीक्षा संपलेल्या नाहीत. प्रवेशासाठी राज्याची सीईटी आहे, पदवीनंतर गेट आहे, लोकसेवा आयोगाची अभियांत्रिकी सेवा परीक्षा आहे. हे खरे, पण त्या वेगळेच काही मोजतात. सीईटीचा कट-ऑफ दारातून आत कोण आले ते सांगतो. आत आल्यावर महाविद्यालयाने त्याचे काय केले हे त्यातून कळत नाही. शासकीय महाविद्यालयाचे शुल्क कमी असल्याने तिथे गुणवान मुले आधी जातात, आणि मग त्या मुलांच्याच गुणवत्तेचे श्रेय संस्थेच्या खात्यावर जमा होते. हा हिशेब सोयीचा आहे, न्याय्य नाही. गेट आणि लोकसेवा आयोगाच्या परीक्षा व्यक्तीची तयारी मोजतात, आणि त्या तयारीत खासगी शिकवणीचा वाटा किती हे वेगळे काढता येत नाही. चार-पाच जणांनी मिळून काही आखले, हाताने बनवले, आणि ते सर्वांसमोर टिकले किंवा मोडले, असे मोजणारी कसोटी या यादीत नाही.

काड्या, फेविकॉल आणि निकाल

ती जागा महाविद्यालयांच्या तांत्रिक महोत्सवांतली पूलबांधणीची स्पर्धा भरून काढते. नियम थोडक्यात असे असतात : आईसक्रीमच्या काड्या आणि फेविकॉल एवढेच साहित्य, दोन आधारांमधले अंतर ठरलेले, पुलाच्या वजनाला मर्यादा. पूल वाळला की मधोमध भार टांगायचा किंवा प्रयोगशाळेतल्या यूटीएमवर, म्हणजे भार-चाचणीच्या यंत्रावर, तो दाबायचा, आणि मोडेपर्यंत वाढवत न्यायचा. मोडताना पेललेला भार भागिले पुलाचे स्वतःचे वजन, हा गुणांक. परीक्षकाची मर्जी, हस्ताक्षर, तोंडी परीक्षेतली ओळखपाळख यांना इथे शिरकाव नाही. अमरावतीच्या चमूचा पूल अकोल्याच्या पुलाआधी मोडला तर तो मोडला. त्यावर पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करता येत नाही.

या साध्या रचनेत स्थापत्य शाखेच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा बराच अभ्यास दडलेला आहे. बारीक काडी ताणात चांगली टिकते, दाबात मात्र वाकून निसटते. लिओनार्ड ऑयलरने अठराव्या शतकात दाखवले की दाबाखालच्या सडपातळ दांड्याची भार पेलण्याची क्षमता त्याच्या लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. लांबी दुप्पट केली की क्षमता चौथाईवर येते. म्हणून प्रॅट पद्धतीचा ट्रस, म्हणजे दांड्यांचा सांगाडा, ज्यात आखूड उभे दांडे दाब घेतात आणि लांब तिरपे दांडे ताण, काड्यांच्या पुलाला सोयीचा ठरतो. हाउ पद्धतीत हे उलटे असते. हे पुस्तकात वाचणे वेगळे आणि तिरपी काडी कमानीसारखी बाहेर फुगताना पाहणे वेगळे. बरेच पूल तर काडी मोडण्याच्या आतच सांध्यात सुटतात, कारण काड्या किती एकमेकींवर चढवल्या, फेविकॉल किती आणि किती वेळ दाबून ठेवला, याकडे कोणी लक्ष दिलेले नसते. गणित बरोबर आणि जॉइंट कच्चा, हा निकाल लेखी परीक्षा कधीच देऊ शकत नाही.

यातून चुरशीचा एक विशेष गुणही दिसतो. परीक्षेतल्या पहिल्याची उत्तरपत्रिका कोणी पाहत नाही, पण जिंकलेला पूल सगळे पाहतात आणि हरलेला पूल त्याहून बारकाईने पाहतात. वरचा दांडा दुहेरी का केला, कुठे तुटले, खालचा सांधा कसा बांधला हे प्रतिस्पर्ध्याला डोळ्यांनी वाचता येते. पुढल्या वर्षी तीच युक्ती समोरच्याच्या पुलात दिसते आणि पहिल्याला नवी शोधावी लागते. कॅनडातल्या ओकानागन कॉलेजच्या, शेवयांपासून पूल बांधण्याच्या स्पर्धेत २००९ मध्ये हंगेरीतल्या ग्यॉर शहरातल्या विद्यापीठाच्या दोन विद्यार्थ्यांच्या, जेमतेम ९८२ ग्रॅम वजनाच्या पुलाने ४४३.५८ किलो भार पेलला. म्हणजे स्वतःच्या वजनाच्या साडेचारशे पटींहून अधिक. असा आकडा एका प्रेरणेत निघत नाही. आधी मोडलेल्या पुलांचे शिक्षण त्यात साठलेले असते. इथे ज्ञान प्रतिस्पर्ध्यांच्या हातून पुढे जाते.

खेळणी आणि खरे पूल

पहिला आक्षेप उघड आहे : काड्यांचा पूल हे खेळणे आहे, त्यावरून अभियंत्याची परीक्षा कशी करणार? याला उत्तर इतिहासातच आहे. २९ ऑगस्ट १९०७ रोजी कॅनडात सेंट लॉरेन्स नदीवर बांधणी चालू असलेला क्वेबेकचा पूल कोसळला आणि ७५ कामगार मेले. दोष होता खालच्या बाजूच्या, दाब घेणाऱ्या दांड्यांत. त्यांना जोडणाऱ्या जाळीदार पट्ट्या कमकुवत होत्या आणि पुलाचे स्वतःचे वजन हिशेबात कमी धरले गेले होते. दाबाखालचा जोडदांडा वाकून निसटणे, हाच प्रकार काड्यांच्या पुलात दर स्पर्धेत घडतो. आकार बदलला तरी स्थितीशास्त्राचे नियम बदलत नाहीत. फरक एवढाच की इथे चुकीची किंमत शंभर-दोनशे काड्या असते.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. भार भागिले वजन हे एकच सूत्र हलकेपणाला बक्षीस देते. खरा पूल हलका असण्यापेक्षा सुरक्षित, टिकाऊ आणि वेळेत बांधून होणारा असावा लागतो. एका आकड्यामागे लागण्याचा धोका आपल्या दाराशीच पाहता येतो. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटरचा डांबरी थर अखंड टाकून गिनीज विक्रम झाला. आधीचा विक्रम कतारमध्ये दोहाजवळ २५ किलोमीटरांच्या आसपासचा होता. अभिमान वाटावा असे ते संयोजन. पण तो विक्रम वेगाचा होता. रस्त्याच्या आयुष्याचा निकाल तासांत लागत नाही, त्याला पावसाळे लागतात. हा आक्षेप मान्य करूनही असे म्हणावे लागेल की दोष स्पर्धेचा नाही, नियमांचा आहे, आणि नियम सुधारता येतात. अमेरिकेत विद्यार्थ्यांच्या पोलादी पुलांच्या राष्ट्रीय स्पर्धेत १९९२ पासून हलकेपणाबरोबरच बांधणीचा वेग, भाराखाली किती वाकतो आणि खर्च किती, असे निकष एकत्र धरले जातात. नियम असे केले की एका गुणाच्या मागे लागून बाकीचे सोडून देता येत नाही.

तिसरा आक्षेप खास वऱ्हाडचा आहे, आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. आपल्याकडे बांधकामाचे भवितव्य वरच्या ट्रसपेक्षा खालच्या जमिनीवर ठरते. पूर्णा नदीच्या खोऱ्यातली काळी कसदार माती तिच्यातल्या मॉन्टमोरिलोनाइट या खनिजामुळे पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावरची घरे तडकतात, पायाखालून आधार खचतो. याच कारणाने रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने तळाशी फुगवटा असलेल्या खांबांचा पाया, म्हणजे अंडर-रीम्ड पाइल, विकसित केला. अकोला-अकोट मार्गावर गांधीग्रामजवळचा पूर्णेवरचा ब्रिटिशकालीन पूल तडा गेल्याने २०२२ मध्ये वाहतुकीला बंद करावा लागला. कोकणात महाडजवळचा सावित्री नदीवरचा १९२८ चा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुराने वाहून नेला. पाया, पूर आणि म्हातारपण हे आपल्या पुलांचे शत्रू. आणि स्पर्धेतला पूल मात्र दोन भक्कम लाकडी ठोकळ्यांवर ऐटीत उभा असतो. तेव्हा ही कसोटी वऱ्हाडच्या अभियंत्याला खरोखर लागू पडते का?

आजच्या रूपात ती अपुरी आहे, हे कबूल. पण उपाय प्रयोगशाळेतच आहे. पूल तीन आधारांवर ठेवावा आणि भार देण्याआधी मधला आधार दोन-तीन मिलिमीटर खाली घ्यावा. दोनच आधारांवरच्या साध्या पुलाचे एक टोक खचले तर तो जरासा कलतो, त्याच्या दांड्यांवरचे ताण बदलत नाहीत. सलग तीन आधारांवरच्या पुलात मात्र तेवढ्याने सगळे हिशेब उलटतात. मग विद्यार्थ्यांना ठरवावे लागेल की सलग पूल बांधून सामान वाचवायचे, की मधे सांधा सोडून खचण्याची चिंता मिटवायची. काळ्या मातीत काम करणाऱ्या अभियंत्याला नेमका हाच निर्णय घ्यावा लागतो. असा नियम पुण्या-मुंबईच्या महोत्सवातून उसना आणावा लागणार नाही. तो इथल्या जमिनीतून आलेला असेल.

ईर्ष्या आणि वैर

शेवटचा आक्षेप वृत्तीविषयी आहे. महाविद्यालया-महाविद्यालयांत चुरस लावली की वैर वाढते, शासकीय आणि खासगी असा भेद चिघळतो, आणि साधनसंपन्न संस्था नेहमी पुढे राहते, असे म्हटले जाते. यातला साधनांचा मुद्दा या स्पर्धेला जवळपास लागूच पडत नाही. रोबो किंवा रेसिंग कार बनवायची तर प्रायोजक लागतो. काड्या आणि फेविकॉल सगळ्यांना परवडतात. प्रवेशाच्या वेळी कट-ऑफने जी उतरंड लावली ती इथे उलटूही शकते. उरला वैराचा मुद्दा. अमरावतीला याचे उत्तर बाहेर शोधायला नको. इथल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९१४ पासून मैदानी परंपरा जोपासली आणि १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके तिकडे दाखवली. आखाड्यातला अलिखित नियम असा की तोलामोलाची जोड मिळाल्याशिवाय पैलवान घडत नाही. म्हणून कुस्ती सुटल्यावर समोरच्याला हात दिला जातो. बडनेरा, अकोला, शेगाव आणि पुसद ही अमरावतीच्या शासकीय महाविद्यालयाची जोड आहे. गुणवत्ता यादीतले वैर बंद लिफाफ्यात राहत होते, म्हणून तिथे संशयाला जागा होती. पुलाचा निकाल उघड्यावर लागतो, तिथे संशयाला जागा उरत नाही, आणि जिथे संशय नाही तिथे ईर्ष्या वैराच्या थराला सहसा जात नाही.

तेव्हा संस्थेच्या पुढच्या टप्प्यासाठी या इतिहासातून एक काम निघते. १९८३ ची चार महाविद्यालये आणि १९६४ चे हे महाविद्यालय यांनी आळीपाळीने यजमानपद घ्यावे, नियम एकच ठेवावेत, त्यांत खचणाऱ्या आधाराची अट घालावी, आणि प्रत्येक मोडलेल्या पुलाची नोंद, कुठे मोडला आणि का मोडला या तपशिलासह, पाचही ग्रंथालयांत ठेवावी. यजमानालाही हरण्याची तयारी ठेवावी लागेल, आणि अडचण खरी तिथेच आहे. ज्याच्याकडे सर्वाधिक प्रतिष्ठा आहे त्याला अशा कसोटीत गमावण्यासारखेही सर्वाधिक असते. पण स्वायत्ततेने प्रश्नपत्रिका काढण्याचा अधिकार दिला, स्वतःलाच उत्तम ठरवण्याचा दिलेला नाही. तो निर्णय शेजाऱ्यांसमोर, सारख्या नियमांनी व्हावा. नागपूरबरोबर एकच पेपर सोडवत मोठ्या झालेल्या या महाविद्यालयाला हे नवे वाटण्याचे कारण नाही.